आईच्या करंगळीसाठी

मुलांनो, संगणकाचा कीबोर्ड नीट बघा. कळांच्या ओळी एकाखाली एक सरळ नाहीत, थोड्या सरकलेल्या आहेत. का? १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने टंकयंत्र बाजारात आणलं. त्यात प्रत्येक कळीखाली एक दांडी असे. दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून कळा अशा तिरप्या बसवलेल्या. संगणकात दांड्या नाहीत, पण सवय गेली नाही!

माझी आई घरी बसून मराठी पुस्तकं टाइप करते. पानामागे पैसे मिळतात. ती वापरते त्या इन्स्क्रिप्ट पद्धतीत मात्रा डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. त्यात एकट्या उजव्या करंगळीकडे च, ट, ज, ड आणि य! डॉक्टर म्हणाले, बोटाला विश्रांती द्या. म्हणजे कामच बंद. तेव्हा मी ठरवलं, कीबोर्डच आईच्या हाताच्या मापाचा करायचा.

कागदावर तिचा पंजा ठेवून पेन्सिल फिरवली. मधलं बोट लांब, म्हणून त्याचा स्तंभ वर. करंगळी आखूड, म्हणून तिचा बराच खाली. दोन कळांच्या मध्यांत अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. हा आराखडा पुठ्ठ्यावर चिकटवला आणि आईने त्यावर चक्क खोटं खोटं टाइप केलं. तीनदा बदलावा लागला.

मग सर्किट. कळा ६०, पण माझ्या चिपला तारा जोडायच्या जागा फक्त १८. तर ५ ओळी आणि १२ स्तंभ केले. १७ तारांत काम भागलं! चिप एकेका ओळीत क्षणभर वीज सोडते आणि ती कुठल्या स्तंभातून बाहेर आली ते पाहते. तुमच्या वर्गातला बाक सांगतो ना, तिसरी रांग, चौथा बाक? तसंच.

यात एक भानगड आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या, की वीज आडवाटेने फिरते आणि चौथी न दाबताच दाबल्यासारखी वाटते. त्यावर उपाय डायोड. तो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, एकेरी रस्त्यासारखा. प्रत्येक कळीला एक, म्हणजे ६० डायोड.

तांब्याच्या रेषा आखणं मात्र सगळ्यात मजेचं. केआयकॅड नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी त्या आखल्या. एकाच बाजूच्या दोन रेषांनी एकमेकींना छेदायचं नाही. अगदी अडलं तर छोट्या भोकातून पलीकडच्या बाजूला उतरायचं. दोन रविवार जेवणसुद्धा टेबलावरच!

बोर्ड छापून आले, सोल्डरिंग झालं. कुठल्या कळीने कुठलं अक्षर पाठवायचं हे चिपमधला प्रोग्रॅम ठरवतो, म्हणून ‘य’ सरळ अंगठ्याकडे दिला. आईचं पान पूर्वी वीस मिनिटांत व्हायचं, पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. घाईचं काम ती अजून जुन्यावरच करते. पण आता नव्यावरही पंचवीस मिनिटांवर आली आहे आणि रात्रीचा शेक थांबलाय.

परवा म्हणाली, “अरे, त्या ‘ट’चं पण काहीतरी कर ना!”