मंडळीचा डबा

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या हिशेबाने ती कधीतरी ठरली आणि हजारो संसारांचा आठवडा तिच्याभोवती फिरू लागला. किराणा गुरुवारी, सोयरिकीची बोलणी गुरुवारी, गावाकडे जायचे तर बुधवारी रात्री पाळी सुटल्यावर. रविवारी मात्र भोसरीची वर्कशॉप चालू असतात. त्यामुळे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला बाकांवर बायका, मुले आणि निवृत्त झालेली म्हातारी माणसेच जास्त. दुसरी पाळी असलेले येतात, प्रभुभोजन घेतात आणि आशीर्वाद पुरा व्हायच्या आत कंपनीच्या बसकडे निघतात. रात्रपाळी करून आलेला एखादा मागच्या बाकावर उपदेश चालू असताना झोपून जातो. त्याला कोणी उठवत नाही. आमच्या मंडळीतली ही रीत मला फार आवडते.

आम्ही बहुतेक जण नगर जिल्ह्यातले. राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डी. काही घरे जालन्याकडची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले, आणि पुढच्या पिढ्यांत गावकुसाबाहेरची कितीतरी घरे ख्रिस्ती झाली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, मग टेल्को, बजाज. पाठोपाठ १९७२चा दुष्काळ पडला. आजी त्या वर्षी खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायची आणि तांबड्या मिलोच्या भाकरी थापायची. त्या भाकरीची चव तिला पुढे आयुष्यभर नकोशी वाटे, पण तिने ती कधी टाकू दिली नाही.

वडील पिंपरीला आले ते गावच्या पाळकसाहेबांची चिठ्ठी खिशात घालून. चिठ्ठी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या कामगाराच्या नावे होती. त्याची खराळवाडीत एक खोली होती, आणि त्या खोलीत आधीच सहा जण राहत होते. पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीवाले त्याच अंथरुणावर आडवे होत. अंथरूण दिवसभर थंड म्हणून पडत नसे, असे वडील सांगायचे. भाडे पहिल्या पगारानंतर द्यायचे होते. तो पगार व्हायला किती दिवस लागले, हे त्या माणसाने एकदाही विचारले नाही. मंडळीने गरिबाला मदत केली असे आपण म्हणतो तेव्हा माझ्या मनात ती खोली येते. देणाराही त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर. आज चाकणजवळ नाणेकरवाडीत, खराबवाडीत, म्हाळुंग्यात चाळीतल्या खोल्या अशाच पाळीपाळीने झोपतात. माणसे मात्र नांदेड, परभणी, बिहार, ओडिशा, झारखंडची आहेत.

त्यांच्यातलेच कोणी आजारी पडले की पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात येते, आणि तिथे आमचा डबा पोहोचतो. डब्याचे काम महिला मंडळाकडे आहे. दोन पोळ्या, वरण, भात, एक भाजी. तिखट बेताचे, कारण कोणाला काय पथ्य असेल ते ठाऊक नसते. रुग्णाला रुग्णालयाचे जेवण मिळते, उपाशी राहतो तो त्याच्या सोबतीला आलेला. बायको किंवा भाऊ. जिन्याखाली पिशवी उशाशी घेऊन बसलेला, कामावर खाडा पडलेला, औषधाच्या चिठ्ठ्या मुठीत धरलेला. तो काही मागत नाही. पहिल्या दिवशी डबा पुढे केला तर नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी घेतो, आणि रिकामा डबा इतका लख्ख घासून परत देतो की हातात घेताना जीव गलबलतो.

आमच्या वहीत नावे नाहीत. वॉर्ड आणि खाटेचा नंबर, एवढेच. ही शिस्त ज्या मावशींनी लावली, त्या प्राधिकरणात चार घरी धुणीभांडी करतात. नवरा वारला तेव्हा मंडळीने वर्षभर त्यांच्या घरी गहू, तांदूळ, तेल पोहोचवले होते. त्या दिवसांत मंडळीत मदतीची यादी वाचली जाताना आपले नाव ऐकून कान तापायचे, असे त्या म्हणाल्या. आता यादी वाचली जात नाही. धान्य संध्याकाळी, अंधार पडल्यावर घरपोच जाते. आमच्या साऱ्या सेवेत मला हे सर्वात मोठे वाटते. मदतीचे फोटो काढून मोबाइलवर फिरवणारी मंडळेही या शहरात आहेत, त्यांत ख्रिस्तीही आहेत. तांदळाची पिशवी धरून कॅमेऱ्यापुढे उभ्या केलेल्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे. असली मदत नको.

याउलट कॅथलिक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद जोडीजोडीने घरी जातात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसोबत सुरू केलेली ही चाल. नुसते पैसे देऊन परतायचे नाही, गरिबाच्या घरात बसायचे, त्याचे ऐकायचे. नगर, पुण्याकडचा सेवेचा वारसा तर फार जवळचा आहे. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्याच्या कोरड्या शिवारांत आयुष्यभर पाणी अडवण्याचे काम करत राहिले. आमची गावे तशी लवकर हिरवी झाली असती तर आम्ही पिंपरीला आलोच नसतो, असे कधीकधी वाटते. २०२०च्या साथीत त्याच नगरचे साल्व्हेशन आर्मीचे बूथ हॉस्पिटल कोरोनाच्या रुग्णांसाठी उघडे राहिले. तेव्हा इकडे चाकणच्या चाळींतून माणसे टाळेबंदीत गावाकडे चालत निघाली होती.

पण मन पुन्हा पुन्हा जाते ते केडगावला. दौंडच्या गाडीने गेले तर आजही पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथे आहे. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग होता, जागा नव्हती, म्हणून केडगावच्या माळावर आधी झोपड्या उठल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. मला भारावून टाकते ते पुढचे. रमाबाईंनी त्या मुलींना नुसते जेवू घातले नाही. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना काढला; अंध मुलींसाठी बार्तीमी सदन उभारले. उपाशी आलेली पोरगी हाताला काम शिकून उभी राहिली पाहिजे, ही त्यांची ओढ. बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी त्याच माळावर केले आणि त्याच मुलींनी त्याचे खिळे जुळवले. १९२२ साली त्या गेल्या.

दुष्काळात बाटलेले, असे आम्हाला पूर्वीपासून हिणवले जाते. मला त्याचा राग येतो. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते. ज्याने पाणी दिले, शाळेत बसवले, त्याच्या देवाला त्यांनी हात जोडले, तर त्यात लाज कसली? पण याच कारणाने आज आमची जबाबदारी दुप्पट होते. डब्याबरोबर पत्रक जाता कामा नये. उपाशी माणसापुढे ताट ठेवून मग त्याला आपल्या प्रार्थनेला बोलावणे हा त्याच्या भुकेचा गैरफायदा आहे. आमचे पाळकसाहेब हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगतात. कोणी आपणहून विचारले तर जरूर सांगा, म्हणतात, पण डबा परत घेताना नव्हे. त्या मावशींना यावर वेगळ्या सूचनेची गरजच पडली नाही.

आणि बाहेरच्यांना हे क्वचितच माहीत असते की देणारी ही मंडळी स्वतः श्रीमंत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावाने जात सोडली नाही, सरकारने सवलत दिली नाही. अशी घरे हंगामाच्या सणाला कोंबडी, नारळ, पायलीभर ज्वारी घेऊन येतात. उपासनेनंतर लिलाव होतो, आणि शंभराच्या कोंबडीला पाचशेची बोली लागते. बोली लावणारा कंत्राटी कामगार असतो. त्याला मार्चमध्ये कामावरून ब्रेक मिळणार हे त्याच्या बायकोला ठाऊक असते, तरी ती त्याचा हात धरत नाही. डब्याचे वर्षभराचे तेल त्या पैशातून येते.

देहू आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दुष्काळात होरपळलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे म्हणत. आषाढात पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा आमच्या बायका रस्त्याच्या कडेला पाण्याची पिंपे भरून उभ्या असतात. गरिबाचे ऋण आपण होऊन सोडायचे हे या मातीला कोणी बाहेरून शिकवलेले नाही.

अलीकडे मला एक गोष्ट छळते. वॉर्डातल्या एका खाटेवर चाकणकडच्या कारखान्यातला विशीतला मुलगा होता. प्रेस मशीनवर उजव्या हाताची दोन बोटे गेलेली. मंडळीतले एक निवृत्त कामगार त्याचे कागद घेऊन फिरले. कामगार राज्य विम्यात त्याचे नावच नव्हते. ठेकेदाराने अपघात झाल्यावर नोंद करायची धावपळ केली. आम्ही डबा दिला, गावी जायचे भाडे दिले, त्याच्या आईशी फोनवर बोललो. बोटे काही देता आली नाहीत, आणि त्या बोटांची भरपाई ज्या कागदाने मिळाली असती तो कागदही नाही.

डबा पुढेही जाईलच, तेलापुरते पैसे आहेत. पण हे वाचणाऱ्यांत भोसरीचे, कुरुळीचे, निघोज्याचे लघुउद्योजक असतील, आमच्याच मंडळीतलेही दोघे-तिघे आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर राज्य विमा कायद्याने बंधनकारक आहे. मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के. माणूस मशीनवर उभा राहण्याआधी त्याचे नाव नोंदवा, ठेकेदाराकडे सोपवून मोकळे होऊ नका, आणि त्याचा विमा क्रमांक त्याच्या हातात द्या.