डोक्यावरून गेलेली वीज

कशेळ्याच्या नाक्यावर चहा घेऊन आम्ही म्हसाच्या रस्त्याला लागलो. जायचं होतं सिद्धगडाच्या पायथ्याला. म्हसाची पौष पौर्णिमेची जत्रा तोंडावर आलेली, त्यामुळे टेम्पोत दाटीवाटीने उभे केलेले बैल आमच्या पुढेच चालले होते. प्रत्येक गचक्याला त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकच आवाज व्हायचा.

दुसरं महायुद्ध आपल्याकडे आलंच नाही असं आपण म्हणतो. इथे ते तारेवरून आलं. घाटमाथ्यावर ठोकरवाडीच्या धरणात अडवलेलं पाणी 1922 पासून भिवपुरीच्या वीजघरात उतरतं. त्याची वीज मुंबईला, उरलेलं पाणी पेज नदीला. युद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्या याच विजेवर लष्करासाठी कापड विणत होत्या. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी नेमकं हेच हेरलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर 1942 मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या भूमिगत गटाने, विजेचे अकरा मनोरे पाडले, गिरण्या आणि रेल्वे खोळंबल्या. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. आधी भाईंचे साथी हिराजी पाटील पडले, मग भाई. वय अवघं तीस.

याच युद्धात हिरोशिमा 6 ऑगस्ट 1945 ला बेचिराख झालं आणि 9 तारखेला तिथे ट्रामचा एक टप्पा पुन्हा धावला. तारेत वीज आली, म्हणजे शहर जिवंत आहे, अशी ती खूण. आमच्या भागात गणित उलटं. मनोरे कोसळले तेव्हा कशेळ्याच्या आसपासच्या वाड्यांत काळोख तसूभरही वाढला नसेल. तिथे आधीपासून चिमणीच होती. वीज डोक्यावरून जायची, घरात नाही. दस्त्याला गावांनी भाकरी का दिली असेल, याचं थोडं उत्तर मला यात दिसतं. थोडंच, कारण सावकाराच्या तावडीतून कुळांना सोडवायला भाईंनी आधीच धान्यकोठी उघडली होती, आणि पोटाचं नातं घोषणांपेक्षा घट्ट असतं.

सिद्धगडच्या पायथ्याला, भाई आणि हिराजींच्या स्मारकापाशी झेंडूचे हार अजून ताजे होते. दर 2 जानेवारीला पहाटेच माणसं इथे जमतात, मशाली घेऊन. मला ते आवडतं. पण माणूस पडला तिथेच आपण फुलं वाहतो. मनोरे पाडले त्या जागांची एकही पाटी मला येता-जाता दिसली नाही. रात्री करवतीने लोखंड कापत बसलेल्या शेतकरी-कातकऱ्यांची नावंही मग कोण विचारणार?