रिकामा गुब्बारा

आठवीच्या वर्गात आम्ही हवेचा दाब शिकवत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, हायड्रोजन हवेपेक्षा हलका, म्हणून गुब्बारा वर जातो. मग आत काहीच नसलं तर आणखी वर जाईल ना?" वर्ग हसला. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो आणि "बस खाली" म्हणालो. त्यानंतर आठवडाभर त्याने हात वर केला नाही.

ते मनाला टोचत राहिलं. 'निर्वात' म्हणा की उर्दूतला 'खला', दोन्ही भाषांत आम्ही तो इतकी वर्षं शिकवला; पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. वाचायला बसलो तेव्हा कळलं की, इटलीतल्या फ्रान्चेस्को लाना दे तेर्झी या पाद्र्याने १६७० सालीच हा बेत छापला होता. तांब्याच्या पातळ पत्र्याचे चार मोठे गोळे करायचे, त्यांतली हवा काढायची आणि खाली नाव बांधायची! म्हणजे ज्याला आम्ही गप्प बसवलं, तो मोठ्या माणसाच्या वाटेने चालला होता.

मग वही घेऊन हिशेब केला. एक मीटर व्यासाच्या गोळ्यात साधारण सव्वासहाशे ग्रॅम हवा मावते. गोळा तरंगायचा तर त्याचं कवच त्याहून हलकं हवं, म्हणजे चौरस मीटरला दोनशे ग्रॅमपेक्षा कमी. ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला तर जाडी मिलिमीटरच्या तेराव्या भागाइतकी. आणि त्याच चौरस मीटरवर बाहेरून हवेचा भार सुमारे दहा टन! हायड्रोजनच्या गुब्बाऱ्यात आतला वायू तेवढ्याच जोराने बाहेर रेटतो, म्हणून पातळ कापडही टिकतं. रिकाम्या गोळ्याला आतून आधारच नाही. गोळा मोठा केला तर कवचही त्याच प्रमाणात जाड करावं लागतं. एकसंध कवच हिऱ्याचं केलं तरी ते आत दुमडेल. इतकं करून फायदा किती? घनमीटरमागे हायड्रोजन सुमारे १.१ किलो उचलतो, निर्वात १.२.

सोमवारी आम्ही तेलाचा रिकामा डबा वर्गात नेला. थोडं पाणी घालून उकळलं, गॅस बंद करून झाकण घट्ट लावलं आणि वरून थंड पाणी ओतलं. डबा कडकड आवाज करत चेपला. मग सगळ्यांसमोर त्या मुलाला म्हणालो, "बेटा, प्रश्न तुझा बरोबर होता. आमचं हसणं चूक होतं."

त्याने चेपलेला डबा हातात घेऊन निरखला. म्हणाला, "सर, दोन पातळ पत्रे आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी घातली तर?"

आज अभियंते याच दिशेने विचार करतात. उडणारा गोळा अजून कोणी बनवलेला नाही. या वेळी मात्र आम्ही त्याला बस म्हणालो नाही. खडू त्याच्या हातात दिला.