परसातील घुमट

वेधशाळा म्हटली की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम घुमट उभा राहतो, दुर्बीण मागाहून. वस्तुतः घुमटावाचून आकाश पाहणाराचे फारसे अडत नाही. 13 मार्च 1781 च्या रात्री विल्यम हर्शेलने बाथ शहरातील आपल्या घराच्या परसातून युरेनस ग्रह हेरला, तेव्हा त्याच्या डोक्यावर आकाशाखेरीज दुसरे छप्पर नव्हते. मग लोक एवढा खटाटोप करून घुमट का बांधतात? ज्याने एखादी बऱ्यापैकी जड दुर्बीण रोज माजघरातून अंगणात आणि अंगणातून माजघरात वाहिली आहे, त्यास हा प्रश्न पडणार नाही. ती बाहेर काढावयाची, तिचा आस ध्रुवाच्या दिशेस जुळवावयाचा, दंव पडू लागले की भिंग सांभाळावयाचे, वारा सुटला की चित्र स्थिर होईतो थांबावयाचे, आणि पहाटे झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी सर्व संसार पुन्हा आत न्यावयाचा. या दगदगीत चांगल्या चांगल्या हौशी लोकांचा उत्साह दहा-पाच रात्रींत मावळतो. घुमट असला म्हणजे यंत्र एका जागी पक्के राहते. झडप सरकविली की काम सुरू.

तथापि घुमट बांधणे हे वाटते तितके सोपे प्रकरण नव्हे. घरावरील छपराने स्वस्थ बसावे एवढीच आपली अपेक्षा असते. येथे छप्पर फिरले पाहिजे. भिंतीच्या माथ्यावर वर्तुळाकार रूळ, त्यावर चाके, चाकांवर अर्धगोल, आणि त्या अर्धगोलात पायथ्यापासून माथ्याच्याही थोडे पलीकडे जाणारी एक फट. रूळ केसभर जरी वाकडा बसला तरी घुमट एका जागी अडतो आणि दुसऱ्या जागी सैल सुटतो. फटीवरील झडप अशी हवी की पावसाचा थेंब आत येऊ नये आणि एका हाताने ती उघडावी. शिवाय उन्हाने दिवसभर तापलेला घुमट रात्री आतील उष्ण हवा त्याच फटीतून बाहेर सोडू लागला की तारे उकळत्या आधणातल्या तांदळाप्रमाणे नाचू लागतात. म्हणून वेधशाळांचे घुमट बहुधा पांढरे किंवा चंदेरी रंगाचे असतात, आणि म्हणूनच वेध घेण्यापूर्वी काही वेळ ते उघडून ठेवतात. आतील हवा बाहेरच्याइतकी थंड झाली पाहिजे. पाहणारा गारठला तर गारठो!

हा शेवटचा नियम आमच्या पुतण्यास जाचू लागला होता. तो बोस्टन शहराजवळ राहतो. घरामागे बरेसे परस आहे, आणि तेथे आठ फूट व्यासाचा एक घुमट उभारण्याचे त्याने मनाशी पक्के केले होते. कागदावर आकृत्या तयार होत्या; लाकडी कमानी कशा कापाव्या याचाही हिशेब झाला होता. आमचा मुक्काम त्याच्याकडे पडला तेव्हा सूनबाईंनी हा खटला आमच्यापुढे आणला. "काका, हिवाळ्यात हे रात्र-रात्र त्या डब्यात एकटे बसणार, आणि आम्ही घरात. यांना तुम्हीच काही सांगा." पुतण्याचे म्हणणे असे की, आधी स्प्रिंगफील्डचे घुमट पाहून येऊ, मग बोलू. अर्थात आम्हां उभयतांस प्रवासाची संधी मिळाली. तंटा कोणाचा का असेना!

स्प्रिंगफील्ड या नावाची गावे अमेरिकेत पुष्कळ. आम्हांस जावयाचे होते ते व्हरमाँट संस्थानातले. बोस्टनहून मोटारीने निघावे, न्यू हॅम्पशर संस्थानातील झाडी मागे टाकावी आणि कनेक्टिकट नदी ओलांडावी, की डोंगरांच्या कुशीत हे लहानसे गाव लागते. मधून ब्लॅक नदी धबधब्यांनी उड्या घेत जाते. या पाण्याच्या जोरावर येथे कारखाने निघाले, आणि त्या कारखान्यांतून यंत्रे घडविणारी यंत्रे देशोदेशी गेली. इंचाचा हजारावा हिस्सा मोजणे हा गावाचा रोजचा व्यवहार होता. ते मोठे कारखाने आता बंद पडले आहेत. नदीकाठी फिरताना एक प्रकारचा सुनेपणा जाणवतो. आमच्याकडील गिरणगावाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

याच गावात जेम्स हार्टनेस राहत असे. 1861 साली जन्मलेला हा गृहस्थ लेथयंत्राचा थोर कल्पक, जोन्स अँड लॅमसन कंपनीचा चालक आणि पुढे 1921 ते 1923 या काळात व्हरमाँटचा गव्हर्नर. त्याने लेथवर नवी हत्यारे बसविण्यासाठी फिरता चपटा टरेट योजिला आणि त्यावर नाव व पैसा मिळविला. जड वस्तू अचूक आणि हलक्या हाताने कशी फिरवावी हे ज्यास कळले, त्याने आपल्या घराच्या हिरवळीवर 1910 साली जो घुमट केला तो इतरांसारखा कसा असेल? नेहमीच्या घुमटात दुर्बीण आत असते आणि फटीतून बाहेर पाहते. हार्टनेसने दुर्बीण बाहेर काढली आणि माणसास आत ठेवले! दहा इंची भिंगाची ती नळी एका लोखंडी फिरत्या टरेटास बाहेरून जोडलेली. ताऱ्याचा प्रकाश लोलकाने वळून आत बसलेल्या माणसाच्या डोळ्याशी येतो. फट नाही, म्हणून आत ऊब ठेवता येते. आणि ती ऊब भिंगापुढील हवेस बाधत नाही. व्हरमाँटच्या हिवाळ्यात उष्णमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते हे ध्यानी घेतले म्हणजे या युक्तीची किंमत कळते. एवढ्यानेही त्याचे समाधान झाले नाही. घरापासून वेधशाळेपर्यंत त्याने जमिनीखालून सुमारे 240 फूट लांबीचे भुयार खोदविले आणि त्यास लागून भुईखालीच खोल्या केल्या, जेणेकरून बर्फात पाऊल न टाकता दिवाणखान्यातून थेट ताऱ्यांकडे जावे. पुढे कित्येक वर्षे त्या घरात प्रवाशांची उतारशाळा चालली. आम्हांस आत जाण्याचा योग आला नाही. हिरवळीवरचा तो तिरपा टरेट मात्र दुरून डोळे भरून पाहिला.

तिरपा का, हे सांगितले पाहिजे. हा टरेट उभ्या आसाभोवती फिरत नाही. ध्रुवाकडे रोखलेल्या आसाभोवती फिरतो. म्हणजे आकाश जसे फिरते तसाच तोही, आणि तारा नजरेत ठेवण्यास एकच गती पुरते. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितकेच त्या स्थळाचे अक्षांश. स्प्रिंगफील्ड त्रेचाळीस अंशांवर, म्हणून टरेट ऐटीत टोपी कलती घातल्यासारखा दिसतो. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. तेथे हाच टरेट केला तर त्याचा आस जवळजवळ आडवा पडेल आणि वेधशाळा विहिरीवरील रहाटासारखी उभी दिसेल! पुतण्याच्या आकृत्यांपेक्षा आमच्या मंडळींस ही कल्पना अधिक पसंत पडली.

हार्टनेसने 1919 साली आपल्या कारखान्यात रसेल पोर्टर यास आणले. याच गावात 1871 साली जन्मलेला हा मनुष्य चित्रकार, गृहरचनाकार आणि उत्तर ध्रुवाकडील मोहिमांचा प्रवासी. 1903 ते 1905 च्या मोहिमेत बर्फाने त्यांचे जहाज गिळले आणि मंडळी फ्रान्झ जोसेफ बेटांवर अडकून पडली. थंडी म्हणजे काय हे याहून अधिक कोणास कळणार? पोर्टरनेही ऊबदार खोलीत बसून तारे पाहण्याच्या नाना युक्त्या काढल्या. परंतु त्याची खरी करणी निराळी आहे. 1920 साली त्याने गावातील पंधरा-सोळा जणांस, ज्यांत एक स्त्रीही होती, आपल्या हाताने दुर्बिणीचा आरसा घासण्यास शिकविले. दोन जाड काचा एकमेकींवर, मध्ये कठीण भुकटी आणि पाणी. सतत घासत गेले की वरची काच खोलगट होते आणि खालची फुगीर. पुढे राळेच्या थरावर तांबडी पूड लावून ती चकचकीत करावयाची. शेवटचे दोष इंचाच्या दशलक्षाव्या भागांत मोजावे लागतात, आणि ते हाताच्या अंगठ्याने निघतात. दिवसा हजाराव्या भागावर पोट भरणारे हे कामगार रात्री दशलक्षाव्या भागामागे लागले. 7 डिसेंबर 1923 रोजी त्यांनी आपले मंडळ स्थापिले आणि गावाबाहेरील ब्रीझी हिल नावाच्या टेकडीवर स्वतःच्या हातांनी एक बैठे घर बांधले. त्याचे नाव स्टेलाफेन, म्हणजे तारकांचे देऊळ. रंग मात्र चक्क गुलाबी! मिळाले ते फुकटचे रंग एकत्र कालवून तो झाला असे सांगतात. पण आज शंभर वर्षांनी तो बदलण्याचे कोणी मनातही आणीत नाही.

या घराजवळ 1930 साली पुरा झालेला पोर्टरचा टरेट आहे. काँक्रीटच्या खोलीवर तिरपा टरेट, त्यातून पुढे गेलेली लांब भुजा, भुजेच्या टोकास बारा इंची आरसा. एक सपाट आरसा ताऱ्याचा प्रकाश त्या टोकाकडे धाडतो आणि तो परत फिरून सपाट आरशाच्याच मध्यावरील छिद्रातून आतल्या माणसापाशी येतो. हार्टनेसच्या कल्पनेचा हा थोरला भाऊ. तो पुरा होण्यापूर्वीच, 1928 साली, पोर्टर कॅलिफोर्नियास गेला आणि पालोमार पर्वतावरील दोनशे इंची दुर्बिणीच्या रचनेत त्याचा हात लागला. तिचा घुमट 137 फूट व्यासाचा आहे.

टेकडीवर दर उन्हाळ्यात, अमावास्येच्या सुमारास, हौशी लोकांचा मेळा भरतो. 1926 साली पहिला भरला तेव्हा वीसेक असामी होत्या. आम्ही गेलो तेव्हा मेळ्याचेच दिवस होते. संध्याकाळी जो तो आपली घरी केलेली दुर्बीण घेऊन गवतावर मांडून बसला होता, आणि अंधार पडताच पांढरा उजेड वर्ज्य. तांबड्या काचेचा मिणमिणता दिवा तेवढा चालतो. कोणाच्याही दुर्बिणीपाशी जावे, रांगेत उभे राहावे आणि पाहावे. आमच्या मंडळींस एका वृद्ध कारागिराने पाटावर उभे करून शनीची कडी दाखविली आणि आरसा आपण कसा घासला हे पाऊण तास सांगितले. त्यांस इंग्रजी बेताचे येते, त्याचे इंग्रजी खेडवळ; तरी दोघांचे उत्तम जमले. हा अंधारही त्यांस आयता मिळालेला नाही. 2003 साली गावाजवळ संस्थानचा तुरुंग सुरू झाला. तुरुंगास दिवे लागणारच. परंतु मंडळाने आधीपासून खटपट करून ते दिवे वरून झाकलेले आणि खाली तोंड केलेले बसवून घेतले.

परत येताना मोटारीत पुण्याच्या गोष्टी निघाल्या. कॅप्टन विल्यम जेकब याने 1842 च्या सुमारास पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा थाटून जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढे मद्रासच्या वेधशाळेचा तो प्रमुख झाला. निवृत्तीनंतर पुण्याजवळ उंच डोंगरावर वेधशाळा करावी म्हणून नऊ इंची दुर्बीण घेऊन 8 ऑगस्ट 1862 रोजी तो मुंबईस उतरला आणि त्याच महिन्याच्या 16 तारखेस पुण्यात वारला. योजना तेथेच संपली. प्रो. कावसजी नेगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये 1888 साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली, तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. ते 1912 साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. उलट 1944 साली पुण्यातच काही हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली, ती आजही चालू आहे. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हार्टनेसच्या भुयारातून एकच माणूस जात असेल, नाही?"

त्या आठवड्यात आकृत्या पुन्हा काढल्या गेल्या. ऊबदार टरेटाचा विचार मोडीत निघाला, कारण तो घडविण्यास हार्टनेसचा कारखाना पाहिजे. आठ फुटांचा घुमट बारा फुटांचा झाला. त्यामुळे रूळ, चाके, कमानी सर्वांचा खर्च वाढला आणि सूनबाईंच्या परसदारच्या टोमॅटोंची एक ओळ गेली, ती त्यांनी विनातक्रार दिली. भिंतीलगत चार माणसे बसतील असे बाक काढले आहे. दुर्बिणीचा खांब जमिनीत खोल वेगळा रोविला आहे आणि लाकडी तक्तपोशी त्यास कोठेही टेकत नाही. सभोवार दोन बोटांची फट आहे. त्यामुळे नात आत कितीही नाचली तरी शनी जागचा हलत नाही.