एकटीने टोकियो : चार दिवसांचं नियोजन आणि आठवीचा भूगोल



येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवसांसाठी टोकियोला निघाले आहे. एकटी. खरं सांगते, वयाची अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण आजवर पुण्यालासुद्धा एकटी मुक्कामाला गेलेली नाही. प्रवासात तिकिटं कायम ह्यांच्या खिशात. शाळेच्या सहलीत मात्र चाळीस मुलांची जबाबदारी माझ्यावर! म्हणजे दुसऱ्यांना सांभाळायची सवय आहे, पण फक्त स्वतःला सांभाळून कुठे जायची नाही.

आम्ही दोघी जाणार होतो. मी आणि माझी मैत्रीण, तीही शिक्षिकाच. कारण तुमच्यापैकी अनेकांनी ओळखलंच असेल. ‘तोत्तोचान’! तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानीत 1981 साली आलं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठी अनुवादामुळे ते आपल्या कितीतरी शिक्षकांच्या कपाटात जाऊन बसलं. सोसाकू कोबायाशी यांनी 1937 मध्ये सुरू केलेली ती तोमोए शाळा, आगगाडीच्या डब्यांत भरणारे ते वर्ग... ती टोकियोतल्या जियुगाओका भागात होती. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. आज तिथे शाळा नाही, दुकानं आहेत. तरी त्या स्टेशनावर एकदा उतरायचं, असं आम्ही कितीतरी वर्षं बोलत होतो.

तिकिटं काढून झाली आणि मैत्रिणीच्या सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं. तिला थांबणं भागच होतं. घरी ह्यांनी सहज विचारलं, “मग आता रद्द ना?” मीही “हो, बघते” म्हणाले.

त्याच आठवड्यात एक पालक शाळेत आले होते. त्यांच्या मुलीची निवड जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी झाली होती. दोन दिवस मुक्काम. ते म्हणाले, “मॅडम, आमच्याशिवाय कधी राहिली नाही. एकटी कशी जाईल?” मी अगदी ठामपणे म्हटलं, “पाठवा हो. गेल्याशिवाय कशी शिकेल?” मुलगी गेली. आणि त्या रात्री माझं मलाच वाक्य आठवलं. झोप काही लागली नाही. सकाळी ह्यांना सांगितलं, “मी जाते.”

आता नियोजन. जपानच्या व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. कोणत्या तारखेला कुठे, मुक्काम कुठे. तो तक्ता मी रात्री जागून केला आणि दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिला. भूगोलाचा पहिलाच पाठ ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’. म्हटलं, या निमित्ताने उजळणी होईल.

मुलांनी गणित मांडलं. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरची, जपानची 135 अंश पूर्व. फरक 52.5 अंश. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 210 मिनिटं. साडेतीन तास! जपान आपल्या पुढे. विमान शनिवारी रात्री आठला मुंबईहून सुटणार, प्रवास साधारण साडेआठ तासांचा. आपल्या घड्याळात पहाटेचे साडेचार, तिथे रविवारचे सकाळचे आठ.

मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, मग तुम्ही शनिवारी हॉटेलात कशा झोपणार? तेव्हा तुम्ही विमानात आहात.”

मी फळ्याकडे बघतच राहिले. खोली शनिवारपासून घेतली होती! एका रात्रीचे पैसे तर गेलेच असते. पण पहिल्या रात्री पाहुणा आलाच नाही, तर हॉटेल सगळंच बुकिंग रद्द समजू शकतं. हा पाठ मी किती वर्षं शिकवते आहे! मुलाला म्हटलं, “शाबास. मॅडमची चूक तू वाचवलीस.” त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद कुठल्याही परीक्षेत मिळाला नसता. व्हिसाचा अर्ज अजून द्यायचा होता, म्हणून तक्ता सुधारता आला. जिल्हा परिषदेची परदेश प्रवासाची परवानगीही त्याच सुधारलेल्या तारखांनी मागितली.

दुसरी चूक मलाच सापडली. सोमवारी मी चिहिरो संग्रहालय ठेवलं होतं. ‘तोत्तोचान’मधली ती हळुवार चित्रं चिहिरो इवासाकी यांचीच. पण जपानमधली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हेही तसंच. मग सोमवारी आसाकुसाचं सेन्सो-जी मंदिर घेतलं आणि संग्रहालय मंगळवारी. तुम्ही जाणार असाल तर एवढं नक्की बघून घ्या.

मुक्काम उएनोला ठेवला आहे. नारिता विमानतळावरून तिथे थेट गाडी येते. शिवाय उएनो यामानोते या गोल फिरणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. तीस स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण तास. म्हणजे उलट्या दिशेच्या गाडीत बसले, तरी उशिरा का होईना, पोहोचेन! माझ्यासारख्या घाबरटाला याहून मोठा दिलासा नाही. खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते, म्हणून सकाळी बॅग हॉटेलात ठेवून उएनोच्या बागेत फिरायचं.

दिवसाला एकच मोठं ठिकाण, असा नियम केला आहे. नोव्हेंबरात टोकियोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. का? मुलांनी सांगितलं: दिवस लहान झालेला, आणि टोकियो 135 अंशांच्याही पूर्वेला, जवळजवळ 140 वर. म्हणजे घड्याळापेक्षा सूर्य वीसेक मिनिटं पुढे. अंधारात नवख्या गल्ल्या शोधायच्या नाहीत, म्हणून सकाळी लवकर निघायचं.

जेवणाची काळजी होतीच. तिथे साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बऱ्याचदा माशाचा अर्क असतो. एका कार्डावर जपानीत लिहून घेतलं आहे, “निकु तो साकाना वा ताबेमासेन”, मी मांस आणि मासे खात नाही. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पासपोर्ट कायम जवळ. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 119 हे आकडे पाठ केले आहेत.

बुधवार जियुगाओकाचा. शिबुयाहून झटपट जाता येतं, पण मी ओइमाची मार्गाने जाणार. लहानगी तोत्तोचान त्याच गाडीने शाळेत जायची. तिकीट परत द्यायला ती तयार नव्हती, आठवतं? या वेळी माझं तिकीटही माझ्याच हातात असेल.

भीती गेली का? नाही. तक्त्याची एक प्रत ह्यांच्याकडे, एक वर्गाच्या भिंतीवर लावली आहे. रोज रात्री एक निरोप पाठवायचा ठरलं आहे. परवा ती विज्ञान प्रदर्शनवाली मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, पहिल्या रात्रीच झोप येत नाही. दुसऱ्या रात्री येते.”

इतका उपयोगी सल्ला मला कुणीच दिला नव्हता.

पालकहो, पुढच्या वेळी गावाला जाताना एवढंच करा. गाडीची वेळ, बदलायचं स्टेशन, खर्च, सगळं मुलांना आखायला द्या. चुकले तर चुकू द्या. आणि तुमचा तक्ताही त्यांना तपासायला द्या. आमच्या घरी हे आधीच सुरू केलं असतं, तर मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली नसती.

परत आल्यावर लिहीनच.