काहून पयते वं?

‘रनिंग’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं यावर आमच्या रूममध्ये एकदा चांगलीच चर्चा रंगली होती. ‘धावणे’ म्हटलं की शाळेचं क्रीडा संमेलन आठवतं. ‘पळणे’ म्हटलं की पैसे बुडवून कोणीतरी फरार झालंय असं वाटतं. ‘जॉगिंग’ म्हणजे पांढरे बूट घातलेले रिटायर्ड काका! माझ्या आजीकडे मात्र एकच शब्द आहे, ‘पयनं’. मी पक्की कॉन्व्हेंटची, त्यामुळे हा शब्द मला पुस्तकातून नाही, थेट आजीच्या तोंडूनच मिळाला. पहाटे बूट बांधताना तिनं विचारलं, “काहून पयते वं माय? कोनी मांगं लागलं काय?”

मंडळी, प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला.

आजोळ माझं कौंडण्यपूर. अमरावती जिल्हा, तिवसा तालुका, वर्धा नदीचा काठ. रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळा महाराष्ट्र त्याला ओळखतो. कृष्णानं अंबिकेच्या देवळातून रुक्मिणीला रथात बसवून नेलं, ते देऊळ आमचंच, असं कौंडण्यपूरवाले सांगतात. अमरावतीकर म्हणतात, छे, ती आमची अंबादेवी! या वादात मी पडत नाही, कारण माझी मेस अमरावतीत आहे आणि आजी कौंडण्यपुरात.

तर पळण्याचं कारण. चौथ्या सेमिस्टरच्या आधी मला रात्री झोप येईनाशी झाली. दिवे बंद झाले की छातीत धडधड सुरू. हात गार, श्वास अर्धवट. सबमिशन, व्हायवा, एम-फोर, सगळं एकदम उशाशी येऊन बसायचं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉईड तपासलं. सगळं नॉर्मल! रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे खूश होतात, पण ज्याला धडधडतंय त्यानं जायचं कुठे? त्याच महिन्यात आमच्या विंगमधली एक मुलगी सामान बांधून घरी गेली ती परत आलीच नाही. गादी गुंडाळलेली, भिंतीवर टाइमटेबल तसंच चिकटवलेलं. कोणी काही विचारलं नाही. आपण होस्टेलवाले एकमेकांना मॅगी देतो, जर्नल देतो, पण “झोप येते का गं?” असं विचारत नाही.

पीएलमध्ये मी आजीकडे गेले आणि एका पहाटे, झोप नाहीच तर निदान बाहेर तरी पडावं म्हणून निघाले. पुढे रोजचंच झालं.

आपल्या वऱ्हाडात पळायचं तर घड्याळापेक्षा सूर्याला जास्त विचारावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून साडेसहाच्या आत घरी परत. पावसाळ्यात वेगळीच गंमत. काळी माती बुटाला अशी चिकटते की प्रत्येक पाय किलोभर जड होतो. तेव्हा डांबरी रस्ता सोडायचा नाही. सुरुवातीला मी एक मिनिट पळायचे, दोन मिनिटं चालायचे. वेग किती? तर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच. शेजारी कोणी नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं पावलं मोजायचे, तीही मराठीत. एकोणतीसपर्यंत गाडी ठीक चालायची. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ आले की डोक्याला इतकं काम लागायचं की एम-फोरला आत शिरायला जागाच उरायची नाही! कॉन्व्हेंटचा असाही उपयोग असतो, बरं का.

आता इंजिनिअर म्हटलं की ‘हे काम कसं करतं’ हे बघणं आलंच. पळाल्यावर बरं का वाटतं? सगळे सांगतात, एंडॉर्फिन. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूभोवतीची गाळणी सहज पार करू शकत नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांना चाकावर पळवून पाहिलं. पळाल्यानंतर त्यांची भीती कमी झाली, आणि त्यामागे शरीरातच तयार होणारी एंडोकॅनाबिनॉइड नावाची द्रव्यं असल्याचं त्यांना आढळलं. भांगेतला अंमल मेंदूतल्या ज्या जागी बसतो, त्याच जागी हीही बसतात. (हे आजीला सांगितलं नाही.) माझ्यापुरतं मला आणखी एक वाटतं. धडधड व्हायला लागली की मी घाबरायचे, आणि घाबरले की धडधड वाढायची. चक्क पॉझिटिव्ह फीडबॅक! पळताना तीच धडधड रोज स्वतःहून करून घेतली, तिचं कारण माहीत होतं, आणि थांबलं की ती खाली येते हेही दिसत होतं. महिन्याभरानं रात्री छाती वाजली तेव्हा शरीरानं ती जणू ओळखली. झोप लगेच आली असं नाही, पण मी उठून बसले नाही. ज्यांचा त्रास जास्त आहे त्यांनी मात्र डॉक्टरकडे जावंच. बूट हे काही औषध नव्हे.

आजीला यातलं काही पटलं नाही. पळणं म्हणजे तिच्या दृष्टीनं शक्तीची नासाडी. चालणं तिला कळतं. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी दर आषाढीला पंढरपूरला जाते. १५९४ साली सदाराम महाराजांनी ती सुरू केली असं सांगतात. पाचशे किलोमीटरच्या वरचा रस्ता, सगळा पायी. आजी त्यात दोनदा गेली आहे, साध्या चपलेवर. मी तिला विचारलं, दिवसाला किती किलोमीटर? म्हणाली, “मुक्काम येते तेवढे.” २०२० मध्ये करोनामुळे पालखीला एस.टी.नं जावं लागलं तेव्हा ती दिवसभर गप्प होती. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “पायाले फोड नाई आला त पोचल्यासारखं वाटत नाई.”

व्यायामाचं आपल्याकडे तसं नवल नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं कबड्डीची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. पण पहाटे गावच्या रस्त्यावर पळणारी मुलगी दिसली की अजूनही लोक दोनच अंदाज बांधतात. एक तर हिला कुत्रं लागलं, नाहीतर ही भरतीवाली.

भरतीवाली म्हणजे माझी मामेबहीण. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पोलीस भरतीची तयारी करतेय. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. ८०० मीटरसाठी २ मिनिटं ५० सेकंद, तर पूर्ण गुण. त्यापुढे सेकंद वाढले की गुण गळायला लागतात. मामाची शेती कोरडवाहू, कपाशी आणि तूर. या एका परीक्षेकडे सगळं घर डोळे लावून बसलंय.

मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं, ताई, पळाल्यावर टेन्शन कसं जातं ना! ती हसली. म्हणाली, “तुह्यं जात असन. माह्यं त पयाले लागली का सुरू होते.” मी गप्पच झाले. एकच रस्ता, एकच पहाट. माझ्या मनगटावरचं घड्याळ मी मुद्दाम काढून ठेवते, आणि तिचं सगळं त्या घड्याळातच अडकलेलं. तिला रात्री झोप येते का, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. “नाई येत,” ती म्हणाली.

तेव्हापासून सुटीत आम्ही सोबत निघतो. आधी दोन किलोमीटर माझ्या वेगानं, गप्पा मारत, एकोणसाठ-एकोणसत्तर करत. माझे आकडे चुकले की ती खळखळून हसते. मग तिचे ८०० मीटर. मोबाईलचं स्टॉपवॉच माझ्या हातात असतं. मागच्या सुटीतल्या शेवटच्या पहाटे २ मिनिटं ५८ सेकंद आले. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली, घाम टपटप मातीत पडतोय. मी आकडा सांगितला. ती तशीच काही वेळ उभी राहिली, मग वेणी घट्ट केली.

“एक डाव अजून,” म्हणाली आणि रेषेकडे चालायला लागली.