सोळा हाका

झोपेच्या बाबतीत आमच्या घरात पहिला नंबर माझा, याविषयी घरातल्या सर्वांचं एकमत आहे. गेल्या वर्षापर्यंत या पदासाठी दुसरा उमेदवारही नव्हता. मग आमच्याकडे सर्व्हर आला.

सर्व्हर म्हटल्यावर घाबरू नका. 'डाऊन' आहे असं आम्ही काउंटरवरून ज्याच्याबद्दल सांगतो, तो वेगळा. हा म्हणजे चिरंजीवांचा जुना कॉम्प्युटर. नवा लॅपटॉप आल्यावर चिरंजीवांनी त्यात दोन हार्ड डिस्क बसवल्या, 'जेलीफिन' नावाचं फुकट सॉफ्टवेअर चढवलं (फुकट या शब्दापाशीच माझा विरोध मावळला) आणि तो हॉलच्या कोपऱ्यात ठेवला. आमच्या लग्नाचे फोटो, मुंजीचा व्हिडिओ, सिनेमे आणि नानांच्या ४३ कॅसेटी, सगळं त्याच्या पोटात. टीव्हीवर बटण दाबायचं आणि हवं ते बघायचं, ऐकायचं.

नाना म्हणजे माझे वडील. पोस्टात होते. मी लहान असताना त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि तो रेडिओसमोर ठेवून नाट्यसंगीत टेप करायचा सपाटा लावला. त्यामुळे गाणं ऐन रंगात आलं की मागे कुकरची शिट्टी आणि शिट्टीवर नानांचा आवाज, "अगं, गॅस बंद कर! टेप चालू आहे!" संगीताच्या दृष्टीने या कॅसेटींची किंमत शून्य. पण नानांना जाऊन आता चार वर्षं झाली, आणि आई दुपारी टीव्हीसमोर बसते ती गाण्यासाठी नव्हे, त्या शिट्टीसाठी.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग विजेचं बिल आलं.

मी बी.कॉम. आहे. आयुष्यात मला काही जमलं नसेल, पण बेरीज जमते. नेहमी ९६-९७ युनिटांवर थांबणारा आकडा १२५ वर गेला होता. आमच्याकडे शंभर युनिटं ओलांडली की पुढच्या युनिटांना दर चढा. चिरंजीवांनी मीटर लावून दाखवलं : काहीही न करता नुसता बसलेला सर्व्हर ४० वॅट खात होता. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट, महिन्याला २९!

"काही न करता एवढं खातो?" मी ओरडलो.

सौ.नी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काही नाहीत. पण ते मला ऐकू आलं.

"बाबा, त्याला झोपवता येतं," चिरंजीव म्हणाले. तीस मिनिटं काम नसलं की सर्व्हर आपोआप निजेल. फक्त मेमरीपुरती वीज चालू राहील, बाकी सगळं बंद. खर्च दोन वॅट, म्हणजे महिन्याला दीड युनिट. मी ताबडतोब मंजुरी दिली. पुढच्या बिलात आकडा पुन्हा शंभराच्या आत येणार, या आनंदात मी त्या रात्री शांत झोपलो. सर्व्हरही झोपला.

आठ दिवसांनी रविवार आला. दुपारी तीनला आई तिच्या खुर्चीत बसलेली, पण टीव्ही बंद.

"काय गं, आज कॅसेट नाही?"

"अरे, लागत नाही हल्ली. सर्व्हर सापडत नाही म्हणतो."

"हल्ली म्हणजे?"

"झाले सात-आठ दिवस."

"मग सांगितलं का नाहीस? बँकेत फोन करायचास!"

"तूच म्हणालास ना, त्याला झोपवलंय म्हणून. झोपलेल्याला कशाला उठवायचं? आणि तू कामात असतोस."

वाचकहो, बेरीज मला जमते हे वर सांगितलंच आहे. रोजचं साधारण एक युनिट वाचवून मी आईच्या आठ दुपारी खर्ची घातल्या होत्या. ही एंट्री कुठल्या खात्यात टाकायची, हे बी.कॉम.ला शिकवलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी चिरंजीवांचं शिष्यत्व पत्करलं. झोपलेल्या मशीनला नेटवर्कवरून हाक मारायची एक सोय असते. तिला 'वेक ऑन लॅन' म्हणतात. मशीन झोपलं तरी त्याच्या नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते. ते कार्ड कान उघडा ठेवून पडलेलं असतं. घरातल्या दुसऱ्या यंत्राने एक विशिष्ट निरोप सोडला, की कार्ड मशीनला ढोसून उठवतं. त्या निरोपाचं नाव 'मॅजिक पॅकेट'. नाव जादूचं, पण आतला मजकूर थेट आमच्या बँकेच्या फॉर्मसारखा : आधी सहा वेळा २५५ हा आकडा, आणि मग ज्याला उठवायचं त्याचा सहा बाइटचा पत्ता, लागोपाठ सोळा वेळा! एकूण १०२ बाइट. पैसे पाठवण्याच्या फॉर्मवर खातेनंबर दोनदा लिहायला सांगितला तर गिऱ्हाईक आमच्यावर डोळे वटारतं. इथे सोळा वेळा, आणि तक्रार नाही.

सोय मशीनच्या बायोसमध्ये चालू केली, कार्डाच्या सेटिंगमध्ये चालू केली. सर्व्हरला वायफाय सोडवून राउटरपासून केबल ओढली. (या केबलला अडखळून मी दोनदा पडलो. सर्व्हर जागा झाला नाही, शेजारी झाले.) आणि रात्री दोनला हॉलमध्ये पंख्याची घरघर! सर्व्हर उठून बसला होता. अर्ध्या तासाने निजला, तीनला पुन्हा उठला. टीव्ही, मोबाइल, प्रिंटर ही मंडळी नेटवर्कवर आपापसात कुजबुजत असतात, त्या कुजबुजीनेही तो दचकत होता.

इथे मात्र माझा बँकेतला अनुभव कामी आला. दोन वर्षं ग्राहकाने स्वतः व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय ठरतं. मधल्या काळात बँकेने व्याज जमा केलं, चार्जेस कापले, तरी ते धरत नाहीत. व्यवहार ग्राहकाचा हवा. "याला असा नियम नाही का?" मी विचारलं. होता! 'फक्त मॅजिक पॅकेटनेच उठावे' अशा अर्थाचा एक चौकोन होता, त्यात खूण करायची राहिली होती.

खूण केली. आता हाक मारल्यावरच उठू लागला, पण दोन मिनिटांत परत झोपू लागला. लांबून हाक मारून उठवलेल्या मशीनला कोणी प्रत्यक्ष हात लावला नाही, तर ते पुन्हा निजतं म्हणे. रविवारी सकाळी मी नेमकं हेच करतो, त्यामुळे मला रागावता येईना. तेही एक आडबाजूचं सेटिंग निघालं. तिथे दोनाची तीस मिनिटं केली.

शेवटी आईच्या मोबाइलवर एक बटण आलं. नाव काय द्यायचं, असं चिरंजीवांनी विचारलं. मी म्हटलं, 'नाना' दे.

ते नाव मला उगीच सुचलं नव्हतं. नाना आरामखुर्चीत असेच झोपायचे. रेडिओ चालू, कुकर चालू, दारावर भाजीवाला, पापणी हलायची नाही. पण कॉलेजच्या दिवसांत मी रात्री उशिरा चोरपावलांनी लॅचमध्ये किल्ली घातली, की अंधारातून आवाज यायचा, "आलास का?" आणि लगेच पुन्हा घोरणं. सोळा हाकाही लागायच्या नाहीत.

महिन्याभराने बिल ९८ युनिटांचं आलं. चिरंजीवांनी सर्व्हरची नोंदवही उघडून दाखवली. रोज दुपारी तीनच्या सुमाराला उठल्याची नोंद होती. पण कितीतरी दिवशी पुढे काहीच वाजवलेलं नव्हतं. उठला, तीस मिनिटं बसला, निजला.

"आई, बटण दाबतेस आणि ऐकत का नाहीस?"

"रोज कुठे ऐकायचं रे? तो पंखा सुरू झालेला ऐकू येतो ना, तेवढं पुरतं. हाक मारली की उठतात, एवढं कळलं म्हणजे झालं."

'उठतात' म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.

चिरंजीवांचं मत पडलं की, काही ऐकायचं नसताना उठवणं म्हणजे वीज फुकट. मी त्यांना समजावलं. १ एप्रिल २०२४ पासून आमच्याकडे नवे नियम लागू झाले आहेत. ग्राहकाने पैसे काढले-भरले नाहीत, एटीएमवर नुसती शिल्लक विचारली, तरी आता तो व्यवहार धरतात.

खातं चालू राहतं.